काटकोनाच्या दोन चिठ्ठ्या

गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणायचे. धंदा पुस्तकं बांधायचा, आणि धंद्याचं खूळ अंगात इतकं मुरलेलं की टेबलावर वर्तमानपत्र तिरकं पडलेलं दिसलं तरी त्याचा घास अडायचा. आधी ते सरळ करायचं, मग जेवायचं.

घराची पुढची खोली हेच दुकान. रस्त्याच्या बाजूला लांब टेबल, कोपऱ्यात कागद कापायचं यंत्र, खिडकीखाली बायकोची खुर्ची. छापून आलेले मोठाले कागद दुमडायचे, त्यांचे सोळा-सोळा पानांचे फर्मे करायचे आणि दोऱ्याने शिवायचे, हे काम तिचं. एकवीस वर्षं ती तेच करत आली होती. त्यावर पुठ्ठा चढवून सोनेरी नाव उठवायचं काम त्याचं, त्यामुळे शाबासकीही त्याचीच.

काटकोनाला कामापेक्षाही जास्त अभिमान होता तो आपल्या न्यायाचा. "आमच्याकडे कुणाची हुकूमशाही नाही बरं का," तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. "मतं फुटली की चिठ्ठ्या. ज्याला दोन्ही सारखंच, त्याने काढायची. निघेल ते सगळ्यांनी मुकाट्याने ऐकायचं." आणि दोन्ही सारखंच असायचं ते नेहमी त्यालाच. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यानेच हा कायदा केला होता आणि स्वतः प्रामाणिकपणे पाळला होता. निदान त्या गुरुवारपर्यंत.

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती आणि कधी नव्हे ते टेबलही रिकामं होतं. तीन दिवस कुठेतरी जाऊ, असं त्यानेच तोंडाने म्हटलं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला मोठं शहर बघायचं होतं, तिथल्या उंच इमारती, चार मजली दुकानं. बायकोला समुद्रावर जायचं होतं. तिथे तिच्या वडिलांचं घर होतं आणि त्यात तिचा धाकटा भाऊ राहायचा. त्याचा आठवड्यापूर्वी फोन आला होता. "ताई, घर विकलं गं. सोमवारी संध्याकाळी किल्ल्या द्यायच्यात. त्याआधी एकदा येऊन जा."

हे सगळं काटकोनाला माहीत होतं. तरीही तो म्हणाला, "मला काय, दोन्ही सारखंच."

सारखं मुळीच नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते तिकडे गेले होते तेव्हा निघताना मेहुण्याने त्याच्या हातात एक पिशवी दिली होती. "दाजी, चार शर्ट आहेत. दोनदाच घातलेत, मला पोटावर बसत नाहीत आता." बिचाऱ्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण काटकोनाने ती पिशवी हसत घेतली, घरी येऊन ते शर्ट निमूट घातले, फाटेपर्यंत घातले, आणि दर वेळी बटणं लावताना त्याला ती पिशवी आठवली. पुन्हा त्या घरात पाहुणा म्हणून जायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. हे बायकोला सांगितलं असतं तर ती दोन मिनिटं भांडली असती आणि मग एकटी जाऊन आली असती. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे आपण किती कोते आहोत तेही सांगायचं. ते कुठून जमणार!

कागदाला उभी-आडवी बाजू असते. एका बाजूने दुमडला की घडी मऊ बसते, दुसऱ्या बाजूने दुमडला की कागद अडतो, घडीवर कुरकुरतो. पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, बोटांना मात्र लगेच कळतं. काटकोनाने 'शहर' लिहिलेली चिठ्ठी मऊ घडीच्या बाजूने दुमडली आणि 'समुद्र' लिहिलेली अडणाऱ्या बाजूने. दोन्ही एका रिकाम्या डब्यात टाकून हलवल्या, हात घातला, मऊ घडी चिमटीत धरली आणि बाहेर काढली.

"शहर!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली.

 बायकोने ती चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि सवयीने घडीवरून अंगठा फिरवला, जसा दिवसभरात हजार कागदांवरून फिरवायची. मग डब्यातली दुसरी चिठ्ठी घेतली. तिच्यावरूनही अंगठा फिरवला. तिथे तो अंगठा जरासा थांबला. तिने दोन्ही चिठ्ठ्या कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आणि म्हणाली, "बॅग काढा माळ्यावरची."

तो थांबलेला अंगठा काटकोनाने बघितला होता. ज्या बाईने एकवीस वर्षं कागद दुमडण्यात घालवली, तिला आपण कागदाच्या घडीने फसवायला निघालो! गल्लीतल्या दुसऱ्या कुणाही बायकोला हे कळलं नसतं. शहाण्याने नेमकी तीच एक निवडली होती जिच्यापुढे हे लपणार नाही.

आता बोलेल, मग बोलेल, म्हणून तो वाट बघत राहिला. चोराच्या मनात चांदणं. गाडीत तिने त्याला खिडकीची जागा दिली, तर त्याला वाटलं, ही आता सुरू करणार. हॉटेलची खोली एवढीशी निघाली, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. त्याला वाटलं, आता तरी टोमणा येईल. ती म्हणाली, "चादरी स्वच्छ आहेत." मुलीबरोबर ती दुकानांतून हिंडली, थकलेल्या काटकोनासाठी बाकावर जागा धरून बसली, त्याला आवडतो तसा कडक चहा सांगितला. तिच्या प्रत्येक चांगुलपणाने त्याची मान आणखी खाली जात होती. ती कडाकडा भांडली असती तर त्याला परवडलं असतं.

शनिवारी संध्याकाळी ते एका इमारतीच्या तिसाव्या मजल्यावरच्या गच्चीवर गेले. खाली सगळं शहर पसरलेलं. तिने मुलीला अगदी सहज विचारलं, "मामाचं गाव कुठल्या बाजूला येईल गं?" मुलीने फोनमध्ये बघून हात केला. ती त्या बाजूला जाऊन उभी राहिली. तिकडे नुसती घरंच घरं होती. काटकोन कठड्याला पाठ लावून बुटांकडे बघत राहिला. आपण किती हलके आहोत, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

रविवारी सकाळी मुलगी आंघोळीला गेली तेव्हा त्याने खाटेच्या कडेवर बसून एकदाचं म्हणून टाकलं. "अकराची बस आहे समुद्राकडे. चारपर्यंत पोचू. ती चिठ्ठी मी मुद्दाम काढली होती."

"माहितीये," ती केस विंचरत म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही सांगाल. घरातच सांगाल असं वाटलं होतं." तिने कंगवा पिशवीत टाकला. "चला, आवरा. बस चुकेल."

काटकोनाला हायसं वाटलं. मुलीनेही आढेवेढे घेतले नाहीत. बसस्थानकावर ती तिकिटांच्या रांगेत उभी राहिली आणि ही दोघं बॅगेशेजारी बाकावर बसली. मेहुण्याला फोन झाला होता, तो आनंदाने ओरडलाच होता. आता माफी मागावी, शर्टांचंही सांगून टाकावं, म्हणून काटकोन शब्द जुळवत होता. तेवढ्यात बायकोने विचारलं, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला त्या शाळेत नोकरी लागली होती. पलीकडच्या गावात. जायचं की सासूबाई म्हणत होत्या तसं दुकानात बसायचं, याची चिठ्ठी तुम्हीच काढली होती."

 ती चिठ्ठी काटकोनाला नीट आठवत होती. डोळे मिटून काढली होती. तिला नोकरीवर जायला मिळावं असंच त्याला तेव्हा मनापासून वाटत होतं, आणि 'दुकान' निघालं तेव्हा तिच्याइतकंच त्यालाही वाईट वाटलं होतं.

"ती खरी होती," तो म्हणाला. "तुझी शप्पथ. ती अगदी खरी होती."

स्वतःच्याच कानांना त्याचा आवाज खोटा वाटला. पुरावा म्हणून दाखवण्यासारखं त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

तिने क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली, आणि मुलीला तिकिटांचे पैसे पुरतात का ते बघायला उठून गेली.