होकाराची तालीम

बापूंच्या घरून काकींचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या नाटकाच्या रंगीत तालमीत आरशासमोर मिशी चिकटवत होतो. डावी बाजू बसली होती, उजवी हातात होती. "सुधीर, ये. ते गेले," एवढंच त्या बोलल्या. भोसरीहून चाकणच्या पुढं जाणारा रस्ता रोजच्यासारखाच तुंबलेला होता, आणि त्या दिवशी हॉर्न वाजवायचंही मला सुचलं नाही. दारात पोचलो तशी अंगणातली माणसं माझ्याकडं पाहून गप्प झाली. मला वाटलं, अशा घरात माणसं गप्पच असतात. काकी मात्र जवळ आल्या आणि माझ्या ओठावरची अर्धी मिशी त्यांनी हळूच ओढून काढली. "यांनी बघायला पायजे व्हतं," त्या म्हणाल्या. बापूंनी पाहिलं असतं तर पोट धरून हसले असते, आणि वर म्हणाले असते, "मंत्रिमहोदय, अर्धवट माहिती घेऊन सभागृहात आले वाटतं!" पण ते वाक्य त्या अंगणात म्हणणारं कुणीच उरलं नव्हतं...

निवृत्तीबापू आमच्या भागाचे दोन वेळचे आमदार. शेती एमआयडीसीत गेली, घर राहिलं, बोलणं राहिलं. विधानसभेतही ते 'व्हय' आणि 'न्हाई' असंच बोलायचे. माझी त्यांची गाठ पडली ती एका नाट्यस्पर्धेत. ते प्रमुख पाहुणे होते आणि मी एका भामट्या मंत्र्याचं काम करत होतो. पडदा पडल्यावर ते थेट रंगपटात आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बापूंनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "नटवर्य, तुमी आमच्या मंत्र्यांपेक्षा ग्वाड बोलता राव. रविवारी घरी येता का? मला परश्न विचारायचेत."

तेव्हापासून प्रत्येक अधिवेशनाच्या आधीचे रविवार मी त्यांच्या माडीवर मंत्री होतो. माडीवर मंत्र्यासाठी खास खुर्ची होती. रस्ता रुंद झाला तेव्हा गावातलं सलून पाडलं गेलं, त्या सलूनची गोल फिरणारी खुर्ची बापूंनी आणून ठेवली होती. पाय ठेवायला लोखंडी पट्टी, मान टेकायला उशी. अडचणीचा प्रश्न आला की मी सावकाश फिरून भिंतीकडं तोंड करायचो. बापू कधी बसले नाहीत. प्रश्न विचारणाऱ्या सदस्यानं उभं राहायचं असतं, म्हणून ते खिडकीपाशी उभे राहायचे, एक हात खिडकीच्या गजावर. त्या गजाचा हिरवा रंग त्या एका जागी उडून खालचं लोखंड उघडं पडलं होतं. अध्यक्ष खाली स्वयंपाकघरात असायच्या. स्वयंपाक झाला किंवा आवाज फार चढला की काकी देवघरातली घंटा वाजवायच्या, आणि एरवी कुणालाही न जुमानणारे बापू वाक्य अर्ध्यावर टाकून म्हणायचे, "अध्यक्षांचा आदेश. चला, पिठलं गार व्हईल."

आणि मी काय मंत्री होतो म्हणून सांगू! खरी छापील उत्तरं बापूंनीच मला वाचायला दिली होती. 'अंशतः खरे आहे', 'माहिती घेण्यात येत आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'. ही वाक्यं मी अशी मुरवून म्हणायचो की बापूंच्या कपाळावरची शीर उठायची. एकदा त्यांनी विचारलं, "दवाखान्यात पाणी का न्हाई?" मी म्हणालो, "सन्माननीय सदस्यांची तहान या विभागाच्या अखत्यारीत येत नाही." त्यांनी हातातला टॉवेल फेकून मारला आणि मग खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते मुंबईला जायचे, आणि परत आले की सांगायचे, "सुधीरराव, शब्दाला शब्द तुझंच उत्तर आलं. पन मी तयार व्हतो."

सगळ्या प्रश्नांत त्यांचा एक प्रश्न मात्र वेगळा होता. आमच्या पट्ट्यात एक सरकारी रुग्णालय आहे. त्याची इमारत झाली, ऑपरेशनची खोली झाली, दिवे आले, यंत्रं आली. भूल देणारा डॉक्टर तेवढा नेमला गेला नाही, म्हणून खोलीला कुलूप. एका दुपारी लातूरकडचा एक कामगार प्रेस मशीनमध्ये हात अडकून त्या रुग्णालयाच्या दारात आला, तेव्हा बापू योगायोगानं तिथं होते. त्याला पुण्याला न्यायला सांगितलं गेलं. बापू स्वतः त्याच्याबरोबर गाडीत बसले, त्याच्या हाताभोवती आपलं उपरणं दाबून धरलं, आणि नाशिक फाट्याच्या अलीकडं गाडी अडकली ती अडकलीच. जीव वाचला. हात गेला. बापूंनी त्यातलं फार कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "त्यो मला सारखं इचारीत व्हता, सायेब, आलं का? सायेब, आलं का?..."

त्यानंतर विधिमंडळाच्या समितीबरोबर त्या रुग्णालयाची पाहणी होती. मीही मागं मागं गेलो होतो, मला असले प्रवेश सुटत नाहीत. अधिकारी कागद दाखवत होते, ऑपरेशन नियमित होतात म्हणून सांगत होते. बापू कागदाकडं बघेनात. ते वाकले आणि ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या रॅकमधली एक रबरी चप्पल त्यांनी उचलून उलटी केली. तळव्यावरच्या रेघा कोऱ्या करकरीत. दुसरी उलटी केली, तीही तशीच. "इमारतीवर खर्च केला, मशिनीवर केला, चपलांवर बी केला," ते म्हणाले. "आता ह्या घालनारा मानूस तेवढा आना." मी त्या दिवशी टाळ्या वाजवणार होतो. एका अधिकाऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की हात खिशात घातले.

त्या प्रश्नाची तालीम आम्ही जितकी केली तितकी मी कुठल्याही नाटकाची केलेली नाही. मी टाळलं, फिरलो, समिती नेमली, आधीच्या सरकारवर ढकललं. प्रत्येक पळवाटेवर बापू आधीच उभे असायचे. मग तो दिवस आला. मी कंपनीच्या कँटीनमध्ये मोबाइलवर ते कामकाज बघत होतो. बापू उठले, प्रश्न विचारला, आणि मंत्री उभे राहून म्हणाले, "होय, हे खरे आहे. चूक आमची आहे. तातडीने नेमणूक करतो." झालं! बापू तोंड उघडून तसेच उभे. त्यांचा हात हवेत गज शोधत होता. एकही उपप्रश्न नाही. "धन्यवाद," म्हणाले आणि खाली बसले. सभागृह पुढं सरकलं. आठवड्यानं नेमणुकीचा आदेश आला. डॉक्टर मात्र आलेच नाहीत, त्यांना वाटेतच दुसरीकडं पाठवलं गेलं होतं. बापू रविवारी माडीवर आले, खुर्चीकडं बघत राहिले. "गड्या, नकाराची तालीम केली आपन. होकाराची ऱ्हायलीच."

पुढच्या निवडणुकीत ते पडले. अंगणातल्या गाड्या गेल्या, चहाची मोठी पातेली काकींनी माळ्यावर टाकली, फोन दिवसदिवस वाजेना. मला वाटलं, माझंही मंत्रिपद गेलं. पण अधिवेशन जवळ आलं आणि बापूंचा निरोप आला, "रविवारी या." मी गेलो. ते खिडकीपाशी उभे होते, धुतलेली टोपी, हात गजावर. कुणासाठी? कुठल्या सभागृहासाठी? मी विचारलं नाही, खुर्चीत बसलो. त्यांनी प्रश्न विचारला, मी भिंतीकडं फिरलो, खालून घंटा वाजली... असं पुढं प्रत्येक अधिवेशनाला झालं. मुंबईत त्यांचे खरे प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं आणि इथं त्यांचं ऐकणारा मी एकटा, तोही खोटा मंत्री.

शेवटची भेट त्याच रुग्णालयात झाली. छातीत पाणी झालं होतं. मुलगा पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार होता, बापू हटून तिथंच राहिले. खाट अशी मागून घेतलेली की वॉर्डच्या दारातून ऑपरेशनच्या खोलीचं कुलूप दिसावं. काकी उशाशी बसल्या होत्या. मी आत गेलो तसा बापूंनी हात उचलला आणि खाटेचा लोखंडी दांडा धरला. मी ओळखलं. बाजूचं स्टूल ओढून बसलो, मंत्र्यासारखी मान ताठ केली.

"मंत्रिमहोदय," बापू म्हणाले. आवाज अगदी बारीक, पण सूर सभागृहातला. "भूल देनारे डॉक्टर आले का?"

मला टाळता येईना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाला हवं ते उत्तर द्यावंसं वाटलं. "होय, हे खरे आहे," मी म्हणालो. "डॉक्टर रुजू झाले आहेत."

बापूंचे डोळे लकाकले. एक क्षणही गेला नसेल. "नाव काय?"

माझ्याकडं नाव नव्हतं. पानंच्या पानं पाठ असणारा मी, एक खोटं नाव मला सुचेना. स्टूल फिरतही नव्हतं. बापू हळूहळू हसायला लागले, मग खोकला आला, तरी हसत राहिले. "गावला!... अध्यक्षमहाराज, मंत्र्यांना नाव ठाव न्हाई. परश्न राखून ठेवावा."

"ठेवला," काकी म्हणाल्या. "आता गप पडा."

परवा काकींकडं जाताना मी रुग्णालयात डोकावलो. कुलूप तिथंच होतं. रॅकमधली चप्पल उलटी करून पाहिली, रेघा कोऱ्याच होत्या. मग घरी जाऊन माडीवर चढलो. सवयीनं आधी खुर्चीत बसलो, एक गिरकी घेतली. समोर नुसती खिडकी. मंत्र्याला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं, आणि ते मोकळेपण मला सहन होईना. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, रंग उडालेल्या जागी गज धरला. लोखंड गार होतं. रिकाम्या खुर्चीकडं बघून विचारलं, "नाव काय?"

आवाज जरा जास्तच चढला असावा. खाली काकींची भांडी वाजायची थांबली. मी घंटेची वाट पाहिली. काकींनी घंटा वाजवली नाही.