ओमेश्वरीचे सोमवार

आमगाव रोडवरच्या पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात ओमेश्वरी बिसेनचं पीयूसी सेंटर होतं. नऊ वर्षं तिनं ते चालवलं. सायलेन्सरात मशीनची नळी घालायची, ड्रायव्हरला ॲक्सिलेटर दाबायला लावायचा, पडद्यावर धुराचा आकडा आला की पास किंवा नापास. ड्रायव्हर म्हणायचे, या बाईला मशीनही लागत नाही. वासावरूनच ती सांगायची, "फिल्टर चोक झाला भाऊ तुझा. साफ करून ये."

केशोराव पटले तिच्या माहेरगावचे. त्यांचे सहा ट्रक राइस मिलचा तांदूळ वाहायचे. गाडीनं जास्त माल ओढावा म्हणून त्यांनी सहाही ट्रकांच्या सायलेन्सरमधली धूर गाळणारी जाळी काढून घेतली होती. धूर साफ करायला लागणारा युरिया भरायला नको म्हणून सेन्सरला फसवणारा एक छोटा डबाही बसवला होता. अशी गाडी मशीनवर पास होणं अशक्य. म्हणून ते गाडी आणायचेच नाहीत, नंबर प्लेटचा फोटो पाठवायचे.

"पोरी, गाडी रायपूरले गेली आहे. काकाचं एवढं काम नाही करशील?"

ओमेश्वरीनं केलं. दुसऱ्याच गाडीच्या सायलेन्सरात नळी घालून तिनं केशोरावच्या ट्रकांच्या पास झाल्याच्या चिठ्ठ्या काढून दिल्या.

मग देवरीजवळ त्यांचा एक ट्रक पकडला गेला. केशोरावनं हात वर केले. "आमाले काय मालूम, साहेब? चिठ्ठी त्या बाईनं दिली." दुसऱ्या दिवशी ते पंपावर आले आणि दहा-बारा ड्रायव्हरांसमोर ओरडले, "माह्या गाड्यायच्या खोट्या चिठ्ठ्या काढणारी चोट्टी आहे हे!"

सेंटर बंद झालं. आठ दिवस ओमेश्वरी घराबाहेर पडली नाही. नवरा हेमेंद्र म्हणाला, "जाऊ दे नं आता. मोठा माणूस आहे तो."

"मोठा आहे म्हणूनच त्याले खाली आणाचं आहे."

नवव्या दिवशी ती परिवहन कार्यालयात गेली. मोटार वाहन निरीक्षक भूपेंद्र शहारे यांच्या टेबलावर तिनं अर्ज ठेवला. पहिलं वाक्य स्वतःविरुद्ध होतं : मी गाडी न पाहता चिठ्ठ्या दिल्या. त्याखाली सहा ट्रकांचे नंबर आणि कोणत्या ट्रकात काय बदल केलाय, ते; पंपावर ड्रायव्हर बोलायचे ते तिनं ऐकलं होतं.

"बाई, हे दिलं तर तुमचं सेंटर पुन्हा कधी सुरू होणार नाही."

"मले माह्यं सुरू नाही कराचं, साहेब. त्याचं बंद कराचं आहे."

तेव्हापासून ती रोज सकाळी स्कूटी घेऊन नागऱ्याच्या वळणावर उभी राहायची. केशोरावचा ट्रक काळा धूर ओकत गेला की व्हिडिओ काढायची, नंबर आणि वेळ वहीत लिहायची. सोमवारी शेजारच्या बायका नागऱ्याला महादेवाला जात, ओमेश्वरी अर्ज घेऊन कार्यालयात.

एकेक ट्रक तपासणीला बोलावला जाऊ लागला. ओमेश्वरी जेवणाचा डबा घेऊन कार्यालयाच्या मैदानावर हजर. मोहाच्या झाडाखाली बसून ती पाहत राही. निरीक्षक गाडीखाली वाकले की लांबून सांगे, "साहेब, टाकीमागं पाहा. काळा डबा आहे." पहिल्याचं फिटनेस सर्टिफिकेट गेलं, मग दुसऱ्याचं. चौथाही ट्रक बंद झाला त्या दिवशी सण नसताना तिनं घरी वडे तळले. मिलनं माल वाहायचं काम दुसऱ्याला दिलं.

केशोरावचा जुना ड्रायव्हर हिरालाल तिच्या दारी आला. "ताई, सेठ तर पलंगावर बसून आहे. घरी बसलो ते आमी."

तिला वाईट वाटलं. तरी ती म्हणाली, "मंग साक्ष द्या. डबा कोणी बसवाले सांगतला?"

"माह्यं पोट आहे नं त्याच्या हाती."

"मले चोट्टी म्हटलं तवा तुमी तिथंच होते, हिरालालभाऊ. चहा पिऊन राहिले होते."

हिरालाल खाली मान घालून गेला. दोन दिवस ओमेश्वरी वळणावर गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

पाचव्या ट्रकाच्या तपासणीला केशोराव स्वतः आले. मैदानावर बरेच ड्रायव्हर होते. केशोराव झाडाखाली येऊन पुटपुटले, "पोरी, माह्यं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुले बोललो ते."

"काय बोलले? जोरानं सांगा, केशोराव. पंपावर आवाज मोठा होता तुमचा."

तिनं काका म्हटलं नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ड्रायव्हर जवळ सरकले होते. "चिठ्ठ्या मीच काढाले लावल्या," ते मोठ्यानं म्हणाले. "बाई चोट्टी नाही."

किती महिने तिनं हे वाक्य मनात ऐकलं होतं! केशोराव म्हणाले, "आता अर्ज मागं घे."

"अर्ज कायले मागं घेऊ? गाडी धूर सोडतेच नं." ती निरीक्षकांकडं वळली. "साहेब, चालू करा."

ट्रक चालू झाला. मोहाची खालची पानं धुरात दिसेनाशी झाली. पाचवाही नापास.

पुढं केशोरावनं तीन ट्रकांत जाळ्या पुन्हा बसवल्या, दोन विकले. हिरालाल दुसऱ्याकडं लागला. ओमेश्वरी दिसली की तो रस्ता बदलतो. सेंटर काही परत मिळालं नाही. ती आता आमगावात बियाण्याच्या दुकानात बसते. सहावा ट्रक तपासणीला आलाच नाही. केशोरावनं तो गुपचूप मध्य प्रदेशात, बालाघाटकडच्या एकाला देऊन टाकला होता. हे कळलं तेव्हा ओमेश्वरीनं तिकडच्या कार्यालयासाठी हिंदीत अर्ज लिहिला आणि चुका तपासायला हेमेंद्रपुढं ठेवला.