पेडण्याचे सहा गुण वजा

गोकुळदासभाऊंशी मी आठ दिवस बोलले नाही. बाजारात समोरून येताना दिसले की मी स्कूटर सरळ दुसऱ्या गल्लीत घालायची. माणूस देव आहे हो, पण देवाचासुद्धा कधी कधी राग येतोच ना!

झालं काय ते सांगते. आमच्या पेडण्याचे सगुण मास्तर दशावतारात राजाचं काम करायचे. मास्तर गेले आणि मागे त्यांच्या चाहत्यांचं रसिक मंडळ उभं राहिलं. पेडणे, डिचोली, म्हापसा, वास्को अशा त्याच्या चार शाखा. मास्तरांच्या जन्मदिवशी म्हापशाला या चौघांची मैत्रीची स्पर्धा होते. मैत्री कसली डोंबलाची! पहिल्याच वर्षी गुणांवरून अशी जुंपली की जेवणाच्या पंगती चार ठिकाणी बसल्या. तेव्हा नियम लिहायचं काम गोकुळदासभाऊंच्या गळ्यात पडलं. मामलेदार कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. त्यांनी दीड महिना बसून चांगले एकवीस नियम लिहिले आणि तेव्हापासून गुणलेखकही तेच.

कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या गाऱ्हाण्याआधी सभागृहात पोचून सही करणाऱ्या प्रत्येक सभासदामागे शाखेला एक गुण. मास्तरांच्या ढंगात केलेल्या प्रवेशाला पन्नासपैकी गुण. सातवा नियम कडक. प्रवेश चालू असताना प्रेक्षकांतून आवाज आला, तर ज्या शाखेचा आवाज तिचे दर वेळी दोन गुण वजा. हा नियम उगाच नाही आला. त्या पहिल्या वर्षी म्हापसेकरांनी खालून भलतीच वाक्यं ओरडून वास्कोच्या नटाला पार गोंधळवला होता.

जिंकणाऱ्या शाखेकडे वर्षभर मास्तरांचा मुकुट राहतो. त्यालाही नियम आहे, अकरावा. मुकुट त्या शाखेच्या माणसाच्या हातातून सुटता कामा नये. पहिल्या वर्षी तो म्हापशाच्या एका दुकानात पोत्यांमागे चार महिने पडून होता, त्यावरून हा नियम. या मुकुटाची जरीची पट्टी कमलाक्षीवहिनींनी शिवलेली. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. चाळीस वर्षांपूर्वी मास्तर स्वतः त्यांच्या सोप्यावर बसून डोक्याचं माप देऊन गेले होते. दोन वर्षांपूर्वी वहिनींचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्यांचं घराबाहेर पडणं संपलं. मुकुट एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं मागणं. आणि नऊ वर्षांत मुकुट पेडण्याला एकदाही आला नव्हता. भाऊ हे कुणाला बोलून दाखवत नसत. मला ठाऊक होतं, कारण वहिनींना औषधं मी नेऊन देते.

यंदा आम्ही जिंकत होतो. शेवटचा प्रवेश डिचोलीचा, भिकाजींचा. भिकाजी मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवण्यात जन्म गेला. मास्तरांचा आवाज काढावा तर त्यांनीच. पण गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि बोलता बोलता शब्द हरवायला लागले. डिचोलीवाले नको म्हणत असताना ते हट्टाने उभे राहिले. प्रवेश कुठला, तर राज्य गमावलेला राजा गावच्या देवाला गाऱ्हाणं घालतो तो.

"बा देवा म्हाराजा," भिकाजींनी सुरुवात केली. पहिलं मागणं मागितलं आणि थांबले. आता आपल्याकडे गाऱ्हाणं म्हटलं की पुढच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. पण सातव्या नियमाच्या धाकाने अख्खं सभागृह तोंडाला कुलूप लावून बसलं. हुंकार आला नाही आणि भिकाजींचा धागा तुटला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मला बघवेना. पण खरं सांगते, मी गप्प बसले. एका आवाजाला दोन गुण, आणि मुकुट अगदी हाताशी आला होता.

"व्हय म्हाराजा!"

आवाज गुणलेखकाच्या टेबलावरून आला. भिकाजींनी मान वर केली आणि दुसरं मागणं खणखणीत म्हटलं. पुन्हा टेबलावरून हुंकार. तिसऱ्या मागण्यालाही तसाच. सवयीने पहिला तोंडातून गेला म्हणावं, पण पुढचे दोन? मी भाऊंकडे डोळे वटारून बघत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते.

मग भाऊंनी उभं राहून निकाल वाचला. पेडणे चौऱ्याऐंशी, त्यातून सातव्या नियमाने सहा वजा, उरले अठ्ठ्याहत्तर. डिचोली एकोणऐंशी. म्हापसेकरांनीसुद्धा समजावलं, की गुणलेखक कुठल्या शाखेचा नसतो, सोडून द्या. भाऊंनी ऐकलं नाही.

"पेडण्याच्या हजेरीत माझी सही आहे," ते म्हणाले. "त्या सहीचा गुण आम्ही घेतलाय."

मुकुट आठ दिवस तुमच्याकडे ठेवा, मग आम्ही नेऊ, असं डिचोलीवाले म्हणाले. त्यालाही नाही. अकरावा नियम! अहो, घरात बायको वाट बघतेय आणि हा माणूस नियम वाचून दाखवतोय. माझं डोकंच फिरलं, आणि वहिनींचं मागणं मी भिकाजींच्या कानावर घातलं.

पुढच्या रविवारी मी औषधं घेऊन गेले, तर सोप्यावर भिकाजी बसलेले. डिचोलीहून म्हापसा आणि म्हापशाहून पेडणे, दोन बस बदलून एकटे आले होते. चहा आणि उंडे पाव समोर तसेच. मांडीवर मुकुट, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"मुकुट माझ्या मांडयेर आसा," ते भाऊंना शब्द शोधत शोधत सांगत होते. "म्हणजे तो डिचोलीच्याच हातात. वयनी बघूंदेत."

भाऊंनी अकरावा नियम मनातल्या मनात वाचला असावा. मग मान हलवून ते आत गेले आणि वहिनींना चाकाच्या खुर्चीवरून बाहेर घेऊन आले.

वहिनींनी जरीवरून बोट फिरवलं. डाव्या कानाशी पट्टी उसवली होती, तिथे बोट थांबलं. त्यांनी सुई मागितली. सुईत दोरा भाऊंनी ओवला, आणि एका बाजूने भिकाजींनी मुकुट धरलेला असताना दुसऱ्या बाजूने वहिनी टाके घालू लागल्या. भिकाजींचा डावा हात थरथरत होता आणि त्याबरोबर मुकुटही. मग भाऊंनी खाली बसून त्या हाताखाली आपला हात धरला.

माझा राग तिथेच विरघळला, पण जीभ कुठली गप्प राहायला?

"भाऊ, पेडण्याचा हात लागला," मी म्हटलं. "आता किती गुण वजा?"

वहिनींनी मानही वर केली नाही.

"शालिनी, ओगी रव गे," त्या म्हणाल्या. "टाको चुकता."

मी डोळे पुसले आणि ओगी राहिले.