खो-खोच्या खांबाला वाहिलेले खडे

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या मैदानात सोयाबीन उगवलं नसतं, पण दगड दरवर्षी उगवायचे. पावसाळा संपला की नवे, टोकदार, वर तोंड काढून बसलेले. असल्या मैदानावर आमच्या पोरी खो-खो खेळायच्या. खेळायच्या म्हणजे पळायच्या. सूर मारायची कुणाची छाती होत नव्हती, आणि सूर मारल्याशिवाय हाताशी आलेला गडी बाद होत नाही. केंद्राच्या स्पर्धा दरवर्षी शेजारच्या गावी व्हायच्या, त्यांच्या गुळगुळीत मैदानावर. आमच्या पोरी जायच्या, हरायच्या, वडापाव खायच्या आणि टमटममध्ये बसून परत यायच्या.

शेजारगावचे लोक तेवढ्यावर थांबले असते तर मी काही म्हटलं नसतं. पण माझा धंदा मंडपाचा आणि स्पीकरचा. त्यांच्या गावात लग्नाचा मंडप घालायला मी शिडीवर चढलो की खालून कुणीतरी विचारायचंच, "काय मालक, यंदा बी टमटम सांगून ठिवलीय न्हवं?" शिडीवरच्या माणसाला धड भांडताही येत नाही.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी स्पर्धा आमच्या शाळेत ओढून आणली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, धाराशिवहून रोज एसटीनं येणाऱ्या. पालकांच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "केंद्रप्रमुख साहेबांनी एकच अट घातलीय. स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी ते मैदान बघायला येणार. पसंत पडलं तर इथं, नाहीतर नेहमीच्या ठिकाणी."

बैठकीत सगळ्यांच्या पुढं आमच्या संघाची कॅप्टन बसली होती. चौथीतली, काटकुळी, गुडघ्यांवर खपल्या मिरवणारी. तिची आई शाळेत खिचडी शिजवते. शाळा दुसऱ्या गावी खेळायला गेली तरी उरलेल्या पोरांचं जेवण थांबत नाही, त्यामुळं ही बाई कधीच स्पर्धेला गेली नव्हती. पोरगी उभी राहिली आणि कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "फुडच्या वर्षी म्या येरमाळ्याच्या शाळंत जाणार. मंग आई मला कवा बघणार?"

एवढं बोलून ती खाली बसली. तिची आई दाराशी उभी होती. ती पदरानं हात पुसत राहिली, ते हात कोरडे असताना.

झालं. मैदान करायचंच ठरलं. पण दगड वेचायला माणसं कशी जमवायची? व्हॉट्सॲपवर निरोप टाकला की पन्नास अंगठे येतात आणि माणूस एक येत नाही. मग मी माझं डोकं चालवलं. आमच्या भागात चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते. तिथं चुना वेचायची चाल आहे. भाविक चुन्याच्या रानात जातात, पाच खडे वेचतात आणि भक्तीनं ढिगावर टाकतात. एवढी गर्दी, पण कुणाला सांगावं लागत नाही. ज्यांनी घरात कधी कांदा निवडला नाही तेही वाकून खडे वेचतात. मी रिक्षावर स्पीकर चढवला आणि गावभर फिरलो. "आयाबायांनो, बापयांनो! रविवारी सकाळी शाळेत या! येरमाळ्याला चुना वेचता तसे वेचा! प्रत्येकानं पाच खडे, पुन्हा पाच, पुन्हा पाच!"

आवाज असा लावला होता की रस्त्याकडेच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

रविवारी गाव लोटलं. खरंच लोटलं. शेतात जाणारे थांबले, हायवेवरच्या चहावाल्यानं टपरी बंद ठेवली. बुद्धनगरातले निवृत्त एसटी ड्रायव्हर काका पाण्याचा टँकर आणि कुठून तरी मिळवलेलं रोलर घेऊन आले. तरुणपणी त्यांनी जिल्ह्याकडून खो-खो खेळलेला, म्हणून मैदान आखायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी आणि मोठ्या बाईंनी भल्या सकाळीच फाटकाच्या बाजूला एक खांब रोवून ठेवला होता. सगळ्यांना लांबून दिसावा म्हणून बाईंनी त्याच्या टोकाला लाल फडकं बांधलं होतं. मग दोघं दुसऱ्या खांबासाठी वासा शोधायला गावात गेले.

आता तुम्हीच सांगा. आधी मी देवीचं नाव घेऊन बोलावलेलं. त्यात फाटकातून आत पाऊल टाकलं की समोर लाल निशाण. पहिली आली आमची आत्या. सत्तरी पार केलेली, येडाईची भक्त, अंगानं मूठभर आणि आवाजानं माझ्या स्पीकरच्या तोडीची. तिनं पाच खडे वेचले, कपाळाला लावले आणि खांबाच्या बुडाशी ठेवले. मागच्या बाईनं आत्याचं बघून तेच केलं. तिच्या मागच्या बाईनंही. मी मैदानाच्या पार पलीकडं चहाचं पातेलं सांभाळत होतो. इकडं वळून बघेपर्यंत कमरेएवढा ढीग झाला होता, त्यावर हळद होती, कुंकू होतं, आणि कुणीतरी नारळही फोडला होता. मैदान मात्र आरशासारखं स्वच्छ. दगड औषधालाही उरला नव्हता.

मोठ्या बाई आणि काका वासा घेऊन परत आले. बाई ढिगाकडं बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "खांबाला वळसा कुठून घालायचा?"

खो-खोमध्ये पळणाऱ्यानं खांबाला गिरकी घेतली नाही तर खेळ कसला? खांब हलवावा म्हटलं तर एका बाजूला लिंबाचं झाड आणि दुसऱ्या बाजूला खिचडीची शेड. मैदान बसतं ते तेवढ्याच जागेत. ढीग हलवावा म्हटलं तर गाव दोन पावलं मागं सरकलं. कुंकू लागलेल्या खड्यांना फावडं कोण लावणार?

मी काकांकडं आशेनं बघितलं. "काका, तुम्ही तर देवीदेवता मानत न्हाई."

"न्हाई मानत," काका म्हणाले. "देवीच्या कोपाला म्या भेत न्हाई. पर तुझ्या आत्याच्या कोपाला भेतो."

साहेब दुसऱ्याच दिवशी दुपारी येणार होते, म्हणून संध्याकाळी मी आत्याच्या दारात. तिनं बोळकं हलवत सुपारी कातरायला घेतली होती. मी सरळ मुद्द्याला आलो नाही, माझा तो स्वभाव नाही. मी चेहरा गंभीर केला, डोळे अर्धे मिटले आणि म्हणालो, "आत्या, दुपारी जरा डोळा लागला तर येडाई सपनात आली. म्हणली, मला मैदानात ऊन लागतंय, हलवा."

आत्यानं अडकित्ता खाली ठेवला. "तुझ्या सपनात?"

"व्हय."

"एवढा जिल्हा पडलाय, अन् देवीला तूच घावलास? भोंगेवाला?"

"आत्या, ऐका तर..."

"ढिगाला हात लावून बघ. तुझं मंडपाचं बांबू इस्कटून टाकीन."

नाटक पडलं. पडद्यासकट पडलं. मी उठणार तेवढ्यात कॅप्टनची आई आली, मागं पोरगी. ती काही मागायला आली नव्हती. दिवसभर चहासाठी वापरलेलं आत्याचं पातेलं परत द्यायला आली होती. पोरीचे डोळे सुजले होते.

"हिला काय झालं?" आत्यानं विचारलं.

"काय न्हाय मावशी. स्पर्धा तिकडंच हुईल म्हणत्यात. रडतीया."

"मंग जा की तू बी तिकडं. बघ पोरीला खेळताना."

"खिचडी कुणी करायची?"

आत्यानं मान वर केली. "म्हंजी तू आजवर पोरीला कवाच बघितलं न्हाईस?"

"घरात पळती तेवढं बघितलंय."

आत्यानं स्वतःसाठी कातरलेली सुपारी कॅप्टनच्या आईच्या हातावर ठेवली. आमच्या खानदानात ही घटनाच म्हणायची. मग ती माझ्याकडं वळून अशी ओरडली की जणू ढीग मीच घातला होता. "ए भोंग्या! येरमाळ्याला चुना येचत्यात तो कशापायी? ढीग करून बघत बसायला?"

"देऊळ बांधायला वेचायचे म्हणत्यात, आत्या."

"मंग? देवीचा खडा बांधकामाला लागला की देवीला पोचला. बसायला पायऱ्या बांधा त्येच्या. लिंबाखाली. हाताहातानं न्यायचा एकेक खडा, फावडं लावायचं न्हाई, अन् पायात चप्पल दिसली तर गाठ माझ्याशी. पयल्या पायरीवर ही बसल." तिनं बोट कॅप्टनच्या आईकडं केलं. "खिचडीचं बघू."

सोमवारी सकाळी मी पुन्हा भोंगा वाजवत फिरलो. कालचंच गाव पुन्हा आलं, अनवाणी. खांबापासून लिंबापर्यंत माणसांची रांग लागली आणि खडे हातातून हातात जाऊ लागले. गवंडीकाम येणारे तिघेचौघे पुढं झाले आणि त्यांनी लिंबाखाली पायऱ्या रचल्या. आत्या मधोमध खुर्ची टाकून बसली होती आणि कुणाच्या हातून खडा निसटला की त्याच्या तीन पिढ्यांची चौकशी करत होती. ढिगाचा तळ लागला तेव्हा काकांनी खांबाभोवती पाणी मारलं, रोलर फिरवलं आणि पांढऱ्या फक्कीच्या रेघा अशा ओढल्या की पुसायला वाराही धजला नसता.

दुपारी साहेब मोटारसायकलवरून आले. फाटकात पाऊल टाकताहेत तोच आत्या कडाडली, "बूट काढा!"

"आजी, मी मैदान बघायला आलोय."

"मंग काय बुटानं बघता? डोळ्यानं बघा. बूट काढा."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. गोऱ्यापान, नाजूक तळव्यांनी ते एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत गेले आणि परत आले. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. कुठं तोंड वाकडं होतंय का, कुठं हाय म्हणतात का. साहेब थांबले. पाय उचलून तळवा बघितला.

"बाई," ते म्हणाले, "आमच्या घरच्या फरशीवर याच्यापेक्षा जास्त टोचतं."

स्पर्धेच्या दिवशी शेजारगावच्या पोरी टमटममधून आल्या. मी त्यांच्या मंडळींचं स्पीकरवरून स्वागत केलं आणि एवढंच विचारलं, "पाव्हणं, परतीची टमटम सांगून ठिवलीय न्हवं?" एवढं माझं देणं होतं, ते मी सगळ्या गावासमोर फेडलं.

अंतिम सामना त्यांच्याशीच. आमच्या पोरी सवयीनं आधी भीतभीतच पळाल्या. मग आमच्यातल्या एका छोटीचा तोल गेला, ती छातीवर आपटली आणि उठली तेव्हा तिला काहीच लागलं नव्हतं. तिनं स्वतःचे कोपर बघितले, गुडघे बघितले आणि मोठ्यानं हसली. त्यानंतर पोरींना काय चढलं विचारू नका. मी माइकवर काय बोलत होतो ते मलाही आठवत नाही. बायको सांगते की मी पंचांना दोनदा जावई म्हणालो.

गुण बरोबरीत. त्यांचा एकच गडी मैदानात, चपळ, खांबाच्या आसऱ्यानं खेळणारी पोरगी. पंच घड्याळ बघायला लागले. आमच्या कॅप्टनला खो मिळाला. समोरची पोरगी खांबाला गिरकी घेऊन निघाली, आणि कॅप्टननं खांब एका हातानं धरून सगळं अंग हवेत फेकलं. दुसरा हात लांब, लांब गेला आणि त्या पोरीच्या टाचेला लागला.

शिट्टी वाजली. मला ती ऐकू आली नाही, कारण पहिल्या पायरीवरून जी किंकाळी उठली तिनं माझा स्पीकर झाकून टाकला. कॅप्टनची आई उभी होती. हातात खिचडीचा मोठा डाव तसाच. सामना सुरू झाल्यावर "नुसतं बघून येते" म्हणून शेडमधून निघाली होती आणि परत जायचं विसरली होती. आत्यानं चुलीकडं बघायचं कबूल केलं होतं, पण आत्या तिच्या शेजारीच उभी राहून शेजारगावाला नको ते ऐकवत होती.

पोरगी मातीनं भरलेली, धावत पायऱ्यांकडं आली. आई डाव टाकून तिच्या गळ्यात पडली. आणि त्याच वेळी वारा फिरला आणि सगळ्या मैदानावर करपल्याचा वास पसरला.

"अगं बया, खिचडी!"

त्या दिवशी दोन्ही गावांनी, पंचांनी आणि साहेबांनी करपलेली खिचडी खाल्ली. साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. पातेल्याच्या तळाशी काळी, कडक खरवड बसली होती. ती कुणाची यावरून पोरींची झोंबाझोंबी लागली, तेव्हा कॅप्टनच्या आईनं सगळ्यांना बाजूला सारलं, डावानं खरवड खरडून काढली आणि सगळीच्या सगळी लेकीच्या ताटात वाढली.

"हिला," ती शेजारगावच्या बायकांकडं बघत म्हणाली. "म्या सोता बघितलंय."