अक्का चाखत नाही

खानावळ चालवायची म्हणजे किस्से आपोआप साचतात. कढया घासून होतात, किस्से तसेच राहतात. आमची चिटगुप्प्याची खानावळ मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी मिळून चालवतो. तिला सगळा बाजार अक्का म्हणतो, मीही तेच म्हणते. पूर्वी तिचे किस्से सांगून मी गिऱ्हाइकांना हसवायची. हल्ली तोंडात एका सॉसचेच किस्से येतात, आणि ते सांगताना मला हसू येत नाही.

*

अक्काचा एकुलता एक शिवराज बेंगळूरला जपानी हॉटेलात स्वयंपाकी. मागच्या दिवाळीला आला तो मनाशी ठरवूनच.

"काकू, तेरियाकी म्हणून सॉस असतोय. गोड, खारट. पनीर तव्यावर परतायचं, वरून हा ओतायचा. आपल्या खानावळीत चालला तर मी परत जात न्हाई बघ."

अक्का चुलीपाशी चहा करत होती. तिनं त्या चहात दोनदा साखर घातली. नवरा गेल्यापासून तिचं एवढंच मागणं होतं, पोरानं घरी यावं.

*

आता अक्काची रीत सांगते. ती स्वयंपाक करताना चाखत नाही. आधी कोनाड्यातल्या देवाला नैवेद्य, मग आपलं तोंड. सॉसचं हे काळं पाणी तिनं देवापुढं ठेवलं नाही, म्हणून स्वतःही खाल्लं नाही. गिऱ्हाइकांनी खायला तिची हरकत नव्हती.

शिवराज सॉस उकळायला ठेवून आंघोळीला गेला. मीठ घातलेलं कुठं दिसलं नाही म्हणून अक्कानं मूठभर टाकलं. त्यातला सोया सॉस मुळातच खारट, हे तिला काय ठाऊक? आमचे रोजचे मास्तर दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "अक्का, लोणच्याचा खार वाढायलीस व्हय?"

"आई, एकदा चाखली असतीस तर कळलं असतं," शिवराज म्हणाला.

"आजवर चाखलं न्हाई, आता कामून चाखू?"

*

दुसऱ्या खेपेला साखरेऐवजी हळ्ळीखेडचा गूळ घातला. रंग असा आला की शिवराज खूश. "जरा दाटला की उतरव," असं आईला सांगून तो पनीर आणायला गेला.

अक्का लाडवाच्या पाकाची बाई. दोन बोटांत धरून तार बघत बसली. "अजून तार येईना गं," म्हणत राहिली. तार आली तेव्हा उतरवला, आणि थंड झाल्यावर त्यात डाव उभा राहिला. दुबलगुंडीचे एक अप्पा जेवायला आले होते, त्यांनी तुकडा मोडून खाल्ला. "चिक्की बरी हाय, पण आलं कामून घातलंय?" त्या दिवशी शिवराजही पोट धरून हसला. तो हसलेला मी पाहिला तो तेवढाच.

*

मग त्यानं पिशवीतून कपड्यांत गुंडाळलेली बाटली काढली. मिरिन. म्हणे हिच्याशिवाय खरी चव येत नाही, तांदळाची असते. अक्कानं वास घेतला.

"दारू हाय ही."

"आई, उकळल्यावर उडून जाती."

"उडून देवाकडंच जाती न्हवं?"

मी हसले. अक्का बाटली घेऊन मोरीवर गेली आणि तिथं ती रिकामी केली.

शिवराजनं पातेलं घासून पालथं घातलं. "मी तुझ्या देवाला न्हाई, तुला विचारायलो होतो," म्हणाला, आणि संध्याकाळच्या बसनं गेला. राग उतरल्यावर येईल म्हणून अक्कानं रात्री त्याचं ताट झाकून ठेवलं. आता तो तिथं मोठा स्वयंपाकी झालाय. यंदाच्या दिवाळीलाही आला नाही. कुणाला दोष द्यावा कळत नाही, पण जीव तुटतो.

*

परवा गुळाचा वास आला म्हणून आत डोकावले. शिवराजची फळीवर राहिलेली सोया सॉसची बाटली अक्कानं काढली होती. आलं ठेचलं, लिंबू पिळलं. तार बघितली नाही.

"नैवेद्याला चाललंय व्हय?" मी विचारलं. तिनं सॉस वाटीत काढला. वाटी हातात धरून म्हणाली, "शिवाला फोन लाव."

तो कामावर होता, मागं भांड्यांचा आवाज. "काय गं आई? लवकर बोल."

अक्कानं वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "मीठ बरोबर झालंय रे. देवाला अजून दाखवलं न्हाई."