चावडीत सांगितलेलं उत्पन्न

उत्पन्नाच्या दाखल्याचं ते प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. मोठे तपासही केले, पण घरी पाहुणे आले की आमची ही मला हेच सांगायला लावते. कारण यात माझी फजिती आहे.

नातेपुत्याकडच्या एका ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. एका सकाळी एक शेतकरी मुलीला घेऊन आले. तिथं सगळे त्यांना अप्पा म्हणत. मुलगी सोलापुरात कॉलेजला. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त' असा शेरा मारून परत आला होता. मुदतीत दुरुस्त केला नाही, तर पूर्ण फी भरावी लागणार होती. ते घराला झेपणारं नव्हतं. म्हणजे पोरगी घरी बसणार.

"अर्ज भरून देणाऱ्या त्या कॉम्प्युटरवाल्यानं आकडा फिरवला साहेब. आत टाका त्याला," अप्पा म्हणाले.

ठाणे अंमलदाराने अर्ज चौकशीवर घेतला. दुपारी खबऱ्याने बातमी आणली, की त्या कॉम्प्युटरवाल्याकडे पोरांची रीघ असते आणि त्याने नवी मोटारसायकल घेतली आहे. झालं! मला अख्खी टोळीच दिसायला लागली.

त्याला बोलावलं. दरारा बसावा म्हणून टेबलावर हात आपटला, तर चहा माझ्याच पँटवर. तो घाबरला होता, पण उत्तर सरळ होतं.

"साहेब, दाखल्यावर हाय त्योच आकडा भरला. मी म्हणलं बी, काका, ही शिष्यवृत्ती कमी उत्पन्नाच्या घराला असती, एवढ्या आकड्याला मिळायची न्हाय. तर म्हणले, तू तुजं काम कर की."

"आणि मोटारसायकल?"

"सासऱ्यानं दिली साहेब."

दाखला मागवून पाहिला. आकडा तोच. अप्पांना पुन्हा बोलावलं.

"हे उत्पन्न तलाठ्याला कुणी सांगितलं?"

"मीच की! घर चांगलं दिसलं तर सरकार पैसं दील. बँक न्हाय का देत तसं?"

मला ते पटेना.  तेवढ्यात मुलगी बोलली.

"दादाला सांगून आलेल्या पोरीचे मामा चावडीत बसले होते साहेब. त्यांच्यासमोर अप्पा कमी कसं सांगतील?"

मग उलगडा झाला. शेती करणाऱ्या पोराला हल्ली मुलगी मिळत नाही. थोरल्याचं कसंबसं जमत आलं होतं. पोराच्या सोयरिकीला उत्पन्न मोठं लागत होतं आणि पोरीच्या कॉलेजला लहान.

"खरं सांगून नवा दाखला काढा. अर्ज अजून दुरुस्त होतो," मी म्हणालो.

"आन् सोयरीक मोडली तर?"

"ऱ्हाऊ द्या साहेब," मुलगी म्हणाली. "दादाचं होऊ द्या आधी. मी बघते फुडच्या वर्षी."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपी नीट केली आणि उठले. "चला चावडीत."

मीही गेलो. मामा त्या दिवशीही काही कामानं तिथं आलेले. अप्पांनी तलाठ्याला खरं उत्पन्न सांगितलं, ओटीवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं. मामांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मला वाटलं, मोडलं.

"पाव्हणं," मामा म्हणाले, "ह्यो अर्ज कुटं भरत्यात? आमची धाकटी भाची बी बारावी करून घरी बसलीया. तुमच्याफुडं आमी बी लई वाढवूनच सांगितलं हुतं."

थोरल्याचं लग्न झालं, पोरीचं कॉलेजही सुटलं नाही. ठाण्याच्या दप्तरी मात्र एकच ओळ: 'तक्रारीत तथ्य नाही, अर्ज निकाली.'

आयुष्यभर मी दडवणाऱ्यांच्या मागे धावलो. वाढवून सांगणारा माणूसही स्वतःच्या लेकराचं नुकसान करतो, हे मला त्या चावडीत कळलं. आता गल्लीतली पोरं शिष्यवृत्तीचं विचारायला माझ्याकडे येतात. कागदपत्रं मी नंतर बघतो. आधी विचारतो, "तुझ्या बापानं उत्पन्न सांगितलं, तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?"