सुटलेला गठ्ठा

१९७१ साली पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात मी तिसरीचा वर्ग शिकवत होते. वर्गात एक अबोल मुलगी होती. बत्तिसातून सात वजा करायला सांगितले, की ती पस्तीस लिहायची. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ती सातातूनच दोन काढायची. मी दोनदा रागावलेही होते.

एके दिवशी मी तुरीच्या काटक्या मोडून नेल्या. दहा-दहांचे तीन गठ्ठे सुतळीने बांधले, दोन काटक्या सुट्या ठेवल्या आणि तिला म्हटलं, "यातल्या सात मला दे."

तिनं दोन सुट्या काटक्या माझ्या हातात दिल्या आणि गठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, गठ्ठा सोडू का?"

"सोड की."

तिनं सुतळी सोडली, आणखी पाच मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. "पंचवीस," ती म्हणाली. "पाटीवर गठ्ठा सोडता येतो, हे मला ठावंच न्हवतं."

मी रागावले होते, त्याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी अडलेल्या दोघांना तिनंच काटक्या घेऊन शिकवलं. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून ऐकत होते.